फक्त आईकडून

अकरावीच्या पोरांना पेशी शिकवायची म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि ते पाणी मी रोडपालीच्या एका क्लासमध्ये कित्येक वर्षं ओतते आहे. पोरं मठ्ठ नाहीत. पण त्यांना परीक्षेत येईल तेवढंच हवं असतं. ‘टीचर, हे इम्पॉर्टंट आहे का?’ हा त्यांचा एकमेव प्रश्न. मी म्हणते, बाबांनो, तुम्ही ज्याचे बनला आहात तेच इम्पॉर्टंट नसेल तर मग काय आहे? ते हसतात आणि बाकाखाली मोबाइलमध्ये वेळ बघतात.

त्या सोमवारी मायटोकॉन्ड्रिया शिकवायचे होते. मराठी पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात, पेशीचं ऊर्जाकेंद्र. आपण खातो त्या अन्नातून शरीराला वापरता येईल अशी ऊर्जा बहुतेक तिथेच तयार होते. जिवाणूच्या पेशीत ते नसतात, तांबड्या रक्तपेशीतही नसतात. मेंदूच्या आणि स्नायूंच्या पेशींत मात्र खच्चून भरलेले असतात, कारण तिथलं काम कधी थांबत नाही. मी फळ्यावर आकृती काढली आणि नेहमीचं वाक्य सांगितलं. ‘लिहून घ्या, हमखास विचारतात. मुलाला मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून मिळतात. बापाचे असतात ते बीजांडात गेल्यावर नष्ट होतात.’

मागच्या बाकावरून देवेश काहीतरी म्हणाला. मला ते त्याला दुसऱ्यांदा बोलायला लावावं लागलं, हल्ली मला लांबचं नीट ऐकू येत नाही.

‘म्हणजे फादरची काहीच जबाबदारी नाही का, टीचर?’

वर्ग हसला. एरवी मी त्याची बिनपाण्याने केली असती.

‘यात नाही,’ मी म्हणाले, आणि पाणी पिऊन येते असं सांगून बाहेर गेले.

माझा मुलगा अदीब सतरा वर्षांचा आहे. सहावीपर्यंत तो बाकीच्या पोरांसारखाच होता, जरा लवकर दमायचा एवढंच. मग एका पावसाळ्यात व्हायरलचा ताप आला. घरातल्या सगळ्यांनाच आला होता, आणि सगळ्यांचा उतरला. अदीबचाही उतरला, पण लगेच झटके सुरू झाले, आणि झटके थांबले तेव्हा त्याचा डावा हात उचलत नव्हता. त्यानंतर प्रत्येक तापाने त्याच्यातलं काहीतरी नेलं. कधी अर्धी नजर, कधी चालणं, कधी शब्द. आता तो खुर्चीत बसतो, हाक मारली की उशिराने मान वळवतो, आणि कधीकधी इतकं छान हसतो की मला आत जाऊन तोंड धुवावं लागतं.

विषाणू मी दरवर्षी शिकवते. त्याला स्वतःचं घर नाही, चूल नाही. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर, तिच्याच शिध्यात स्वतःचं रांधून घेतो. शिवाय ताप म्हटला की सगळ्याच पेशींचा खर्च वाढतो. ज्यांची चूल मुळातच मंद आहे त्यांनी कुठून आणायचं? हे सगळं मला पाठ होतं आणि माझ्या घरात काय चाललंय ते कळत नव्हतं.

पहिल्या डॉक्टरने तेव्हा एकच विचारलं होतं. ‘नात्यातलं लग्न का?’

बद्रुद्दीनने मान हलवली. माझा नवरा माझ्या फूफीचा, म्हणजे आत्याचा मुलगा. आमच्यात घरातली मुलगी घरात देण्यात कोणाला नवल वाटत नाही. लहानपणी मी त्याला तू म्हणायचे, निकाह झाला तसं तुम्ही म्हणायला लागले, मनात तो अजून तूच आहे. डॉक्टर नुसतं ‘हं’ म्हणाला. ते ‘हं’ बद्रुद्दीन घरी घेऊन आला आणि त्याने ते पुन्हा कधी खाली ठेवलं नाही. हे लग्न व्हावं म्हणून हट्ट त्यानेच धरला होता, फूफीलाही त्यानेच मनवलं होतं. तेव्हा अदीबचा आजार म्हणजे आपल्याच हट्टाची सजा, असं त्याने ठरवून टाकलं. आखातातल्या बंदरावरची चांगली नोकरी सोडून तो परत आला आणि न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात लागला. ड्यूटीवर जायच्या आधी अदीबला तोच अंघोळ घालतो, त्याची नखं तोच कापतो. मी हात लावायला गेले तर म्हणतो, ‘राहू दे, माझं काम आहे.’

त्याच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे आपाने, आमच्या मुबीनाला आपल्या मुलासाठी मागितलं तेव्हा हा शांत माणूस तिच्यावर भडकला होता. ‘आणखी एक अदीब हवाय का तुला?’ असं तोंडावर बोलला. तेव्हापासून आपाने आमच्या घरी पाऊल ठेवलेलं नाही. खानदानात सगळ्यांना हे पटलं होतं, मलासुद्धा. मुलगी बाहेर दिली की हा आजार इथेच संपला, असा आमचा पक्का हिशेब होता. दुधाने तोंड पोळलेलं होतं, त्यामुळे ताक फुंकून पिण्यात आम्हाला शहाणपणच वाटत होतं.

म्हणून मुबीनाचं उरणच्या फहादशी ठरलं. त्या घराशी आमचं लांबूनही नातं नाही. फहादची अम्मी पहिल्यांदा आली तेव्हा अदीबकडे बघून गप्प झाली. बद्रुद्दीनने तिच्यापुढे काहीच लपवलं नाही. ‘हे आम्हा दोघांच्या नात्यामुळे झालंय,’ तो म्हणाला. ‘तुमच्याशी आमचं नातं नाही, तेव्हा भिऊ नका. मी जबान देतो.’ तिला त्याचा खरेपणा आवडला. निकाह पुढच्या महिन्यात धरला होता.

आणि त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातली डॉक्टर माझ्यासमोर बसली होती. अदीबचं रक्त खूप महिन्यांपूर्वी नव्या तपासणीला दिलं होतं, त्याचं उत्तर आलं होतं. थांबून थांबून अदीब कंटाळला म्हणून बद्रुद्दीन त्याला कॅन्टीनमध्ये घेऊन गेला होता, म्हणून आत मी एकटीच होते.

तिने आधी मलाच विचारलं. घरात साखर कोणाला? कमी ऐकू कोणाला येतं?

‘मला साखर आहे,’ मी म्हणाले. ‘कानही जरा कमीच. आमच्याकडे असतं ते. अम्मीला होतं, तिच्या बहिणीला, म्हणजे खालाला आहे, खालाच्या मुलालाही.’

‘आणि तुमच्या वडिलांकडे?’

‘तिकडे कोणालाच नाही.’

हे मी बोलले आणि पुढचं तिने सांगायच्या आत मला कळलं. झूलॉजीत एमएस्सी केलेली बाई आहे मी. माझ्या अम्मीच्या कानांपासून माझ्या अदीबच्या हातापर्यंत एक सरळ रेघ गेली होती आणि मी दरवर्षी फळ्यावर तीच काढत होते.

‘नात्यातल्या लग्नाचा यात काही संबंध नाही,’ डॉक्टर म्हणाली. ‘तुमचं लग्न कोणाशीही झालं असतं तरी हे झालं असतं. दोष तुमच्या मायटोकॉन्ड्रियात आहे. तुमच्यात कमी प्रमाणात, म्हणून साखर आणि कानांवर निभावलं. मुलाच्या वाट्याला खराब जास्त आले.’ मग ती जरा थांबली. ‘तुम्हाला मुलगी आहे का?’

पेशीविभाजन शिकवताना मी बिर्याणीचं सांगते. गुणसूत्रं म्हणजे मोजून वाढलेलं ताट. पेशी त्यांची अगदी काटेकोर वाटणी करते, एक इकडे, एक तिकडे. मायटोकॉन्ड्रियाचं तसं नाही. ते डेगेतल्या मटणाच्या बोट्यांसारखे, वाढपी जसा हात घालेल तसे ताटात पडतात. एकाला बोट्याच बोट्या, एकाला नुसता भात. बीजांडं तयार होतात तेव्हाही तेच. माझ्या एका बीजांडात खराब थोडे गेले, ती मुबीना. दुसऱ्यात खूप गेले, तो अदीब. मुबीनाच्या बीजांडांत कसे पडले आहेत ते कोण सांगणार? तिचं मूल ठणठणीत निघेल किंवा अदीबहून वाईट. डॉक्टरही हेच म्हणाली, फक्त बिर्याणीशिवाय.

बद्रुद्दीन अदीबला घेऊन परत आला आणि नजरेनेच विचारता झाला. ‘अजून नक्की नाही म्हणतात,’ मी म्हणाले. घरी येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला स्वतःच्या अंगाची शिसारी आली होती.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं कोन गावी लग्नाचा हॉल बघायला गेलो. हॉल त्याला फार आवडला. येताना हायवेच्या तोंडाशी ट्रेलरची रांग लागलेली, गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली, तरी तो खुशीत होता. जेवणात काय ठेवायचं ते बोलत होता. मग म्हणाला, ‘एक लेक तरी यातून सुटली, नूर. अल्लाहचे उपकार.’

मला ते सोसलं नाही.

‘सुटली नाही,’ मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, ‘मला बरं वाटावं म्हणून बोलतेस तू.’

माझं डोकंच फिरलं. ‘तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी बायोलॉजी बदलू? अकरावीच्या पुस्तकात आहे हे. त्यात तुमचं काही नाही. तुम्ही त्याला काहीच दिलेलं नाही, ना चांगलं ना वाईट. माझं आहे ते, माझ्या अम्मीचं आहे.’

त्याने गाडी कडेला एका टपरीपाशी घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं होतं, ओझं उतरल्यावर माणूस हलका होतो. हा हलका झाला नाही. स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला.

‘मग आपाला मी जे बोललो ते?’ त्याने विचारलं.

मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्याने घेतली नाही.

‘इतकी वर्षं प्रत्येक नमाजात मी एकच माफी मागत होतो. तीसुद्धा माझी नव्हती?’

तो रडला. टपरीवाला बघत होता. मला रडू आलं नाही, मला राग येत होता, आणि कोणावर ते कळत नव्हतं.

‘मुबीनाला सांगू नकोस,’ थोड्या वेळाने तो म्हणाला. ‘माझ्यावर आहे ते माझ्यावरच राहू दे. मला त्याची सवय झालीय.’

‘आणि फहादच्या अम्मीला दिलेली जबान?’

‘जबान मी दिली. खोटी पडली तर मी खोटा पडेन.’

‘तुम्ही नाही पडणार,’ मी म्हणाले. ‘मुबीनाचं पोर पडेल, अदीबसारखं.’

त्याने गाडी सुरू केली. आम्ही पनवेलला घरी आलो. दारापाशी चपला काढताना खाली मान घालून म्हणाला, ‘सांगायचंच असेल तर जुम्म्याला सांग. मी अदीबला घेऊन मशिदीत गेलेलो असेन तेव्हा. माझ्याच्याने तिच्या तोंडाकडे बघवणार नाही.’

शुक्रवारी मुबीना घरूनच काम करते. बेलापूरच्या एका कंपनीत हिशेब बघते. कॉमर्सला गेली, कारण या घरात बायोलॉजी पुरे झालं असं ती म्हणायची. दुपारी बद्रुद्दीनने अदीबला पांढरा कुर्ता घातला, डोळ्यांत सुरमा घातला आणि खुर्ची लिफ्टमध्ये घातली. माझ्याकडे न बघता गेला. मुबीना लॅपटॉप मिटून माझ्यासमोर कोलंबी सोलायला बसली. अदीबला कोलंबीचं कालवण आवडतं.

मला हळुवार सांगता येत नाही. मी वर्गात सांगते तसंच सांगितलं. आधी पेशी, मग त्यातली ऊर्जा, मग कोणाकडून काय येतं, मग वाटणी कशी होते. तिची बोटं कोलंबीच्या पाठीतला काळा दोरा काढत राहिली.

‘म्हणजे अब्बांची चूक नव्हती?’ तिने पहिलं हे विचारलं. तिचा चेहरा उजळला होता. ‘अम्मी, त्यांना सांगितलंस का? किती बरं वाटेल त्यांना.’

‘सांगितलं.’

‘मग?’

मी कोलंबीचं ताट माझ्याकडे ओढलं. तिची बोटं हळूहळू थांबली. आमच्या घरातली सगळ्यात हुशार तीच आहे, हे मला नेहमीच माहीत होतं.

‘मग माझ्यातही असेल,’ ती म्हणाली.

‘असणार. थोडं.’

‘टेस्ट केली तर कळेल?’

‘तुझं कळेल. तुझ्या मुलाचं कोणी ठामपणे सांगणार नाही. पोटात असताना तपासतात म्हणे, पण त्यातही मधलाच काही आकडा निघाला तर डॉक्टरही हात वर करतात.’

‘आणि दुसरा काही मार्ग?’

‘दुसऱ्या बाईचं बीज घेतात.’

ते आपल्यात चालत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. खालच्या रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मी उगाच कोलंबीत पाणी घातलं आणि ओतून टाकलं. मला वाटत होतं की ती चिडावी, लग्न महिन्यावर आलं असताना का सांगतेस म्हणून ओरडावं. मी तिच्या वयाची असते तर भांडी आपटली असती. ती मात्र माझ्याकडे शांतपणे बघत होती.

‘एक विचारू? खरं सांगशील?’

‘विचार.’

‘तुला हे आधी माहीत असतं तर तू अदीबला होऊ दिलं असतंस?’

आईने यावर काय म्हणायचं असतं ते मला माहीत होतं. हो म्हणायचं, लगेच म्हणायचं, आणि जवळ घ्यायचं. हो माझ्या ओठांवर आलंही होतं. पण ती मला उगाच विचारत नव्हती. माझ्या उत्तरावर ती स्वतःचं काहीतरी ठरवणार होती, आणि त्याला बद्रुद्दीनच्या जबानीसारखं खोटा टेकू द्यायला मी तयार नव्हते. मी अदीबचे झटके बघितले आहेत. शब्द हरवला म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलेला माझा मुलगा बघितला आहे.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘होऊ दिलं नसतं.’

तिने मान हलवली, जणू हेच येणार हे तिला माहीत होतं. मग तिच्या डोळ्यांत दुसरं काहीतरी आलं.

‘आणि मला?’

खरं सांगशील का म्हणून तिने विचारलं होतं, आणि मी विचार म्हटलं होतं.

‘मी मूलच होऊ दिलं नसतं, मुबीना. कुठलं बीज कसं निघेल हे मला तेव्हा तरी कुठून कळणार होतं? तू थोरली. आधी तूच राहून गेली असतीस.’

तिने हातातली कोलंबी ताटात ठेवली. मला वाटलं मी आत्ता, या स्वयंपाकघरात, माझ्या जिवंत मुलीला पुसून टाकलं. मी हात पुढे केला, तो ओला होता, कोलंबीचा वास येणारा होता. तिने तो धरला.

‘बरं झालं मग, तुला माहीत नव्हतं,’ ती म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. ‘मला मात्र आता माहीत आहे.’

ती उठली, साबणाने हात धुतले, पुसले आणि फोन घेतला.

‘कोणाला करतेस?’

‘फहादला. मीच सांगते. नंतर कळलं तर अब्बा खोटे पडतील.’

‘थांब, अब्बांना येऊ दे.’

‘त्यांनी खूप वर्षं सांगितलं सगळ्यांना. आता पुरे.’

ती गॅलरीत गेली. दार तिने लावलं नाही. फहादने फोन उचलला असावा, कारण ती आधी हसून काहीतरी बोलली, मग हसू थांबलं आणि ती त्याला समजावून सांगायला लागली. आधी पेशी, मग ऊर्जा. माझ्याच क्रमाने. एकदाच ऐकून तिने सगळं नीट लक्षात ठेवलं होतं, इतकं चांगलं माझ्या वर्गातलं एकही पोर ठेवत नाही. तो तिकडून काय म्हणाला ते कळायला मार्ग नव्हता, पण त्याने तेच विचारलं असणार जे सगळे विचारतात.

‘नाही, त्यांच्या नात्याचा काही संबंध नाही,’ मुबीना म्हणाली. ‘अब्बांचा काही दोष नव्हता. तुझाही नसेल. मूल अदीबसारखं झालं तर ते माझ्यामुळे असेल.’

लग्न अजून झालं नव्हतं, मूल कुठेच नव्हतं, आणि माझी मुलगी त्याचा दोष घेऊन उभी होती. बद्रुद्दीनच्या खांद्यावरचं उतरवून मी ते तिच्या खांद्यावर ठेवलं होतं, आणि ते खरं होतं म्हणून कोणालाही काढता येणार नव्हतं.

फोन बराच वेळ तिच्या कानाला होता, पण ती बोलत नव्हती. पलीकडून कोणी बोलत होतं की नाही, मला ऐकू आलं नाही. बाहेर लिफ्टचं दार वाजलं. बाप आणि भाऊ परत आले होते, आणि कोलंबी अजून शिजायची होती.